बिल विल्सन आणि एक टेलिफोन



दारू सोडू पाहणाऱ्या माणसांच्या सभा आज जगातील बहुतेक देशांत भरतात. त्या ज्यांच्यापासून सुरू झाल्या त्या बिल विल्सन यांची ओळख या रविवारी करून घेऊ या. ते कॅथलिक नव्हते आणि कोणी संतही नव्हते. तरी त्यांच्या जीवनातून आपल्या धर्मग्रामाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

बिल यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात अधिकारी झाले आणि १९१७ साली एका मेजवानीत त्यांनी पहिल्यांदा दारू घेतली. बुजऱ्या तरुणाला त्या पेल्याने धीर आला. पुढे त्याच पेल्याने त्यांचे सर्वस्व नेले. १९१८ मध्ये लोईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्यांनी चांगला पैसा कमावला; पण १९२९ साली बाजार कोसळला तेव्हा दारूने त्यांना आधीच पोखरले होते. मग लोईस दुकानात नोकरी करून घर चालवू लागल्या.

बिल यांनी शपथा घेतल्या नाहीत असे नाही. घरातील बायबलमध्ये त्यांनी पुन्हा पुन्हा दारू सोडण्याचे वचन लिहून दिले आणि प्रत्येक वेळी ते मोडले. आपल्याकडेही घरची माणसे दारुड्याला वेदीसमोर उभे करतात, शपथ घ्यायला लावतात. आठ दिवसांनी पुन्हा तेच. चांगले काय ते माणसाला कळते, पण हातून घडत नाही. तत्त्वज्ञांनी या कोड्यावर शतकानुशतके विचार केला आहे. न्यूयॉर्कच्या टाऊन्स हॉस्पिटलातील डॉ. सिल्कवर्थ यांनी बिलना सांगितले, की हा केवळ मनाचा दुबळेपणा नसून आजार आहे.

१९३४ च्या अखेरीस एबी थॅचर हा त्यांचा जुना पिणारा मित्र दारू सोडून, परमेश्वराचा आधार घेऊन त्यांच्या घरी आला. त्याच डिसेंबरात हॉस्पिटलच्या खाटेवर बिल यांनी देवाला हाक मारली. त्यानंतर त्यांनी दारूला कधीही स्पर्श केला नाही. पुढील काही महिने ते इतर दारुड्यांना समजावत फिरले. एकही सुधारला नाही. पण या खटपटीत ते स्वतः मात्र कोरडे राहिले.

मे १९३५ मध्ये ते कामानिमित्त ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी गेले. काम फसले, खिसा रिकामा. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका टोकाला बार होता आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन. फोनजवळ शहरातील चर्चची यादी लावलेली होती. आपल्याला आत्ता दुसरा दारुडा भेटला नाही तर आपण पिणार, हे त्यांनी ओळखले. यादीतील एका धर्मगुरूला त्यांनी फोन केला. त्या धर्मगुरूने फोन ठेवून दिला नाही. दहा जणांची नावे दिली. त्या शोधातून बिल हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले. १२ मे रोजी बाईंनी डॉ. बॉब स्मिथ या मद्यपी शस्त्रवैद्याशी त्यांची गाठ घालून दिली. पंधरा मिनिटे बसायचे ठरवून आलेले डॉक्टर सहा तास बसले, कारण उपदेश न करता स्वतःची कहाणी सांगणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस. तोच ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा, म्हणजे ए. ए. चा स्थापनादिन मानतात.

पुढे ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ पासून मद्यपींना दाखल करून घेतले. येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग १९४० साली बिलना भेटले आणि आयुष्यभर त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. दारू सुटल्यावरही बिल यांना कित्येक वर्षे नैराश्याने छळले. सिगारेटने फुप्फुसे निकामी केली. येल विद्यापीठाची मानद पदवी त्यांनी नाकारली. २४ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात ए. ए. १९५७ मध्ये आली. मुंबई परिसरात शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या आवारात तिच्या सभा भरतात. फी नाही, धर्माची अट नाही, पूर्ण नाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. काही सभा फक्त मद्यपींसाठी असतात, तर खुल्या सभेला कोणीही जाऊ शकतो. पत्नी, आईवडील, भावंडे यांच्यासाठी ‘अल-अनॉन’ आहे. लोईस यांनी १९५१ साली तिची उभारणी केली. एक काळजी मात्र घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

बंधुभगिनींनो, ॲक्रनच्या त्या धर्मगुरूने कोणाची दारू सोडवली नाही. त्याने नावे दिली, एवढेच. तेवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल. जवळची सभा कोठे, कोणत्या वारी, किती वाजता भरते, हे विचारून ठेवा. पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जा. ज्यांना घरी विचारणे अवघड वाटते त्यांनी मिस्सानंतर आम्हांला गाठावे. कोणाचे नाव, कोणाचे घर, हे आम्ही कोठेही बोलणार नाही.