देवळालीचे गणित-शिक्षक द. रा. कापरेकर



हल्ली अवघड गणित कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की क्षणात उत्तर मिळते. मग यंत्राचे डोके आपल्यासारखेच चालते का, असे पालकही विचारतात. त्या निमित्ताने एका शाळामास्तरांची ओळख करून घेऊ या.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई वारली. वडिलांना ज्योतिषाचा छंद होता, त्यातून मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्याला आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली पदवीधर झाल्यावर त्यांनी देवळालीला शिक्षकी पत्करली व १९६२ पर्यंत केली.

१९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत दाखवली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा व उत्तरावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४ : ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतेच.

काही विद्वानांना हे क्षुल्लक वाटले. परंतु १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

आज यंत्र सर्व चार अंकी संख्या क्षणार्धात तपासते. ऑलिंपियाडची गणितेही सोडवते. तेव्हा त्याला कमी लेखू नये. मात्र माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून ते शिकते. त्याला मनाचा विचार म्हणावे का, याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत नाही. कापरेकरांना मात्र हा प्रश्न कोणी दिला नव्हता. तो त्यांना स्वतःला पडला. आणि चुकलेली वजाबाकी पुन्हा करताना आपली बुद्धी जी वाढते, ती तयार उत्तर वहीत उतरवून वाढत नाही.

पालकांनाही विनंती, गृहपाठात मुलांना थोडे अडू द्या.

मुलांनो, या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन आपल्या जन्मवर्षापासून सुरुवात करा. शून्य सोडू नका. किती पायऱ्या लागल्या, ते सोमवारी वर्गात सांगा.

— प्राचार्य