वसईचे संत गोन्सालो गार्सिया व त्यांचे जपानी सोबती

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामांतील मंडळी एकत्र जमली म्हणजे श्रद्धेचें दान आपणांस कोणाच्या हातून मिळालें याचें स्मरण सहजच होतें. दूर देशांहून आलेल्या धर्मगुरूंचीं नांवें आपण आदरानें घेतों, व तें योग्यच आहे. परंतु त्या पाहुण्यांस ज्यांनीं आपल्या घराचें दार उघडलें, आपली भाषा शिकविली, त्यांच्या शेजारीं गुडघे टेकून प्रार्थना केली, व प्रसंगीं त्यांच्याबरोबर संकटही सोसलें, त्या देशी मित्रांचीं नांवें बहुधा विस्मृतींत जातात. म्हणून या स्मरणिकेसाठीं आम्हीं अशा एका सत्पुरुषाचें चरित्र निवडलें आहे कीं, जो प्रथम परक्या मिशनऱ्यांचा देशी मित्र होता, व पुढें परक्या देशांत स्वतःच मिशनरी झाला.

सोळाव्या शतकांत आमच्या परंड्याचा किल्ला निजामशाहीच्या मुलखांत मोडत होता. १६०० सालीं अहमदनगर मोगलांच्या हातीं पडल्यावर निजामशाहीची राजधानीही कांहीं काळ येथेंच होती. त्याच शतकांत कोकण किनाऱ्यावरील वसई पोर्तुगिजांकडे होती. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें ती त्यांस १५३४ सालीं तहानें दिली होती. त्या वसईंत सुमारें १५५६ सालीं गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज व आई कोकणांतील होती. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं वसईंत जी शाळा चालविली होती, तींत गोन्सालो यांचें शिक्षण झालें. तेथें फादर सेबास्त्यांव गोन्साल्विस यांचा त्यांच्यावर विशेष लोभ जडला. व वयाच्या सुमारें पंधराव्या वर्षीं त्यांच्याच सोबतीनें हा वसईचा मुलगा जपानास गेला.

जपानांत ख्रिस्तधर्माचा प्रवेशच मुळीं एका मित्राच्या आधारानें झाला होता. संत फ्रान्सिस झेवियर यांस १५४७ सालीं मलाक्का येथें आंजिरो नांवाचे एक जपानी गृहस्थ भेटले. त्यांनीं गोव्यास येऊन संत पौलाच्या विद्यालयांत शिक्षण घेतलें व १५४८ सालीं बाप्तिस्मा स्वीकारला. दुसऱ्या वर्षीं त्यांनाच बरोबर घेऊन संत झेवियर कागोशिमा बंदरीं उतरले. परक्या देशाची वाट तेथल्याच माणसाचा हात धरल्यावांचून सांपडत नाहीं, हें त्या थोर संतांनींही ओळखलें होतें.

गोन्सालो यांस देवानें भाषेची देणगी दिली होती. थोड्याच काळांत ते जपानी भाषा तेथल्या लोकांप्रमाणें बोलूं लागले, व सुमारें आठ वर्षें त्यांनीं येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखालीं उपदेशकाचें काम केलें. लहान मुलांस प्रार्थना शिकविणें, नव्या ख्रिस्ती लोकांच्या घरीं जाणें, धर्मगुरूंचें म्हणणें त्यांना समजावून देणें, हा त्यांचा नित्याचा उद्योग होता. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा अशी त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु ती सफल झाली नाहीं. या निराशेनें कित्येकांची श्रद्धा ढळली असती. गोन्सालो यांनीं मात्र व्यापार आरंभिला, तो प्रामाणिकपणें केला व त्यांत यशही मिळविलें. व्यापारानिमित्त ते मनिला येथें गेले असतां त्यांचा फ्रान्सिस्कन साधूंशीं परिचय झाला. तेव्हां ती सारी भरभराट सोडून त्यांनीं त्या संघाचें वस्त्र धारण केलें. पुरोहितदीक्षा त्यांनीं घेतली नाहीं. ते अखेरपर्यंत संघाचे साधे बंधु राहिले.

जपानचा सर्वसत्ताधारी तोयोतोमी हिदेयोशी यानें १५८७ सालींच मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता. परंतु तो कसोशीनें अमलांत आला नव्हता. १५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठविलें. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून बंधु गोन्सालो गेले. हिदेयोशीनें या मंडळीस देशांत राहण्याची परवानगी दिली व क्योटो शहरांत जागाही दिली. तेथें १५९४ सालीं मठ व देऊळ उभें राहिलें, व त्यालगत गोरगरिबांसाठीं आणि महारोग्यांसाठीं रुग्णालयें सुरू झालीं.

येथें या चरित्राचें मर्म आहे. तें देऊळ व तीं रुग्णालयें केवळ परदेशी साधूंच्या बळावर चाललीं नव्हतीं. ओवारी प्रांताचे लिओ कारासुमारू हे त्यांचे प्रमुख उपदेशक व मदतनीस होते. त्यांचे बंधु पौल इबाराकी हेही त्याच सेवेंत होते. पौल सुझुकी रुग्णालयांत रोग्यांची शुश्रूषा करीत. मिखाएल कोझाकी हे धनुष्यबाण तयार करणारे कारागीर. त्यांनीं आपलें कसब व आपला मुलगा थोमास हीं दोन्ही मठाच्या कामास दिलीं. हे गृहस्थ लोक होते. त्यांतील पुष्कळांनीं संत फ्रान्सिस यांच्या तिसऱ्या संघाचें व्रत घेतलें होतें. सकाळीं मिस्सा, दिवसभर रोग्यांची सेवा व सायंकाळीं एकत्र प्रार्थना, असा त्यांचा क्रम होता. वसईच्या या बंधूंस पुरोहिताचे अधिकार नव्हते. परंतु परक्याच्या मनांतील गोष्ट दुसऱ्याच्या भाषेंत सांगणें हें काम त्यांच्यासारखें त्या मंडळींत कोणासही करतां येत नव्हतें. एकेकाळीं वसईंत त्यांनीं जें इतरांपासून घेतलें, तेंच ते आतां क्योटोंत देत होते.

परंतु अशा मैत्रीस मोल द्यावें लागतें, व तें पाहुण्यापेक्षां यजमानासच अधिक पडतें. पाहुण्यास एखाद्या जहाजानें परत जातां येतें. यजमानाचें घर, मुलेंबाळें व शेजारीपाजारी तेथेंच असतात. ऑक्टोबर १५९६ मध्यें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मोलाचा माल जप्त झाला, व मिशनरी हे स्पेनच्या राजाच्या स्वारीचे पुढचे दूत आहेत असा संशय हिदेयोशीच्या मनांत भरविला गेला. डिसेंबरांत क्योटो व ओसाका येथील मठांभोंवतीं पहारे बसले. पकडावयाच्या लोकांच्या यादींत मठांतील मथियास नांवाचा एक सेवक होता, परंतु तो त्या वेळीं बाहेर गेला होता. शिपाई त्याच्या नांवानें हांका मारूं लागले, तेव्हां शेजारचा दुसरा एक मथियास पुढें आला. आपणही त्याच नांवाचे व त्याच धर्माचे आहों, असें त्यानें सांगितलें, व शिपाई त्यालाच घेऊन गेले.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योटोंत बंदिवानांच्या डाव्या कानांचे तुकडे कापण्यांत आले. मग त्यांची गाड्यांतून धिंड काढून त्यांस भर हिवाळ्यांत सुमारें एक महिन्याच्या प्रवासानें नागासाकीस नेण्यांत आलें. वाटेंत त्यांची काळजी घेण्याकरितां पेद्रो सुकेजिरो यांस येशूसंघाच्या फादरांनीं पाठविलें होतें; फ्रान्सिस नांवाचे एक सुतारही मागोमाग चालत होते. त्या दोघांनाही शिपायांनीं बंदिवानांत घातलें, व चोवीसांचे सव्वीस झाले. या दोघांस पळून जाण्यास वाट होती. पण त्यांनीं ती धरली नाहीं.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी बंदरावरील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडलेले होते. परंपरा अशी आहे कीं, बंधु गोन्सालो हे सर्वांच्या आधीं आपल्या क्रूसापाशीं गेले व प्रथम त्यांनाच त्यावर चढविण्यांत आलें. त्या देशाच्या रीतीप्रमाणें खिळे न मारतां लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं बांधून भाल्यांनीं प्राण घेण्यांत आले. सव्वीसांपैकीं सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघाचे व सतरा गृहस्थ होते. देशाच्या दृष्टीनें पाहतां चार स्पेनचे, एक मेक्सिकोचे, एक आमच्या वसईचे, व उरलेले वीस जपानी. त्यांत लुई इबाराकी हा बारा वर्षांचा मुलगा होता. मिखाएल कोझाकी व त्यांचा चौदा वर्षांचा थोमास, हे बापलेकही होते. जपानांतील कार्याच्या पद्धतीविषयीं येशूसंघ व फ्रान्सिस्कन यांच्यांत मतभेद होते. पण एका संघानें ज्यांस शिकविलें व दुसऱ्यानें ज्यांस वस्त्र दिलें, ते गोन्सालो त्या दिवशीं दोन्ही संघांच्या बंधूंसह एकाच रांगेंत होते.

१६१४ सालीं जपानभर ख्रिस्तधर्मास बंदी झाली व पुढें देशांत एकही धर्मगुरु उरला नाहीं. तरीही १८६५ सालीं नागासाकी येथील ओउरा देवळांत फादर पेतिजां यांच्यापाशीं कांहीं गांवकरी आले व आपणही त्याच श्रद्धेचे आहों असें त्यांनीं प्रकट केलें. दोनशेंहून अधिक वर्षें त्यांच्या वाडवडिलांनीं लपूनछपून बाप्तिस्मा व प्रार्थना चालू ठेविल्या होत्या. तें देऊळ याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नांवें अर्पिलेलें आहे. मिशनरी गेले, परंतु त्यांच्या मित्रांनीं प्रार्थना सोडली नाहीं.

पोप आठवे उर्बन यांनीं १६२७ सालीं या रक्तसाक्षींस धन्य म्हणून मान दिला, व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपदीं चढविलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं ख्रिस्तसभेनें ज्यांस प्रथम संत म्हणून घोषित केलें, ते हे गोन्सालो गार्सिया. १९६२ सालीं निशिझाका टेकडीवर सव्वीस मूर्तींचें स्मारक उभारण्यांत आलें. त्यांत वसईच्या या सुपुत्राचीही मूर्ति आहे. वसईचा किल्ला १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं घेतला व तेथील पोर्तुगीज वैभव लयास गेलें. तरी त्या किल्ल्यांत गोन्सालो यांच्या नांवाचें देऊळ उभें आहे व भाविक तेथें त्यांचा सण करितात.

आमच्या या भागांत ख्रिस्ती घरें थोडीं व विखुरलेलीं आहेत, आणि धर्मगुरु सर्वत्र सर्वकाळ पोंहोंचूं शकत नाहींत. म्हणून वाचकांस आमची विनंति आहे कीं, सायंकाळीं घरीं जपमाळ म्हणतांना शेजारच्या घरासही हांक घालावी; आजाऱ्याच्या बिछान्यापाशीं धर्मगुरु येण्यापूर्वीं कोणी ख्रिस्ती बंधु जाऊन बसावा; आणि जो आपल्या भाषेंत नवखा आहे त्यास आपल्या पंगतींत स्थान द्यावें. लिओ, पौल व मिखाएल यांनीं क्योटोंत याहून निराळें कांहीं केलें नव्हतें. संत गोन्सालो व त्यांचे सोबती यांच्या मध्यस्थीनें प्रभु या धर्मग्रामास तशी माणसें सदैव देवो, हेंच या ज्युबिलीच्या दिवशीं आमचें त्याच्या चरणीं मागणें आहे.