अग्रलेखांची वही आणि बेंजामिन फ्रँकलिन



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मला आधी आठवली ती शंभर पानी वही. नववीत आपल्या इंग्रजीच्या सरांनी करायला लावलेली. सर रोज ऑफिसातलं इंग्रजी वर्तमानपत्र वर्गात आणायचे आणि अग्रलेखातले दहा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. आपली एबीसीडी सुरू झाली पाचवीत, त्यामुळे अग्रलेख म्हणजे आपल्यासाठी डोंगरच होता. शब्द, अर्थ, वाक्य असे तीन रकाने आपण इमानेइतबारे भरायचो. शनिवारी सर आणखी एक काम द्यायचे. अग्रलेख मिटून ठेवायचा आणि त्यातलं म्हणणं आपल्या इंग्रजीत चार ओळींत लिहायचं. हे काम आपल्यातले बहुतेक जण टाळायचे. मी तर हमखास टाळायचे.

त्याचं फळ मला पहिल्या नोकरीत मिळालं. एका रात्री आमचा सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला. मी परदेशातल्या ग्राहकाला ईमेल लिहिली आणि वहीतले दोन भारी शब्द वापरून त्या प्रकाराला 'अनप्रेसिडेंटेड कटॅस्ट्रॉफी' म्हटलं. अर्ध्या तासात तिकडचे सगळे वरिष्ठ फोनवर हजर! शब्दांचे अर्थ मला पाठ होते. ते कुठे शोभतात, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पुढे काही वर्षांनी बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र हाती आलं आणि सरांच्या शनिवारच्या कामाचा अर्थ कळला. म्हणून ही त्याची गोष्ट.

फ्रँकलिन १७०६ साली बॉस्टनमध्ये जन्मला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. त्यांना दोन लग्नांची मिळून सतरा मुलं. बेंजामिन पंधरावा आणि मुलग्यांमध्ये शेंडेफळ. आठव्या वर्षी त्याला शाळेत घातलं आणि दहाव्या वर्षी काढलं. तेवढ्या शाळेतही गणितात गाडी अडलीच. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात उमेदवारीला लागला. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता.

जॉन कॉलिन्स नावाच्या मित्राशी त्याचा एकदा वाद झाला. विषय होता, मुलींना शिकवावं की नाही. स्त्रियांना विद्या झेपत नाही, असं कॉलिन्सचं मत. फ्रँकलिन उलट बाजूने. वाद पत्रांतून चालू राहिला आणि ती पत्रं वडिलांच्या हाती पडली. कोण बरोबर, यात ते शिरले नाहीत. छापखान्यामुळे तुझं शुद्धलेखन आणि विरामचिन्हं चांगली आहेत, पण मांडणीत आणि भाषेच्या डौलात मित्र पुढे आहे, एवढं त्यांनी मुलाला उदाहरणांसह दाखवून दिलं. पोराला ते लागलं.

त्याच सुमारास 'स्पेक्टेटर'चा एक सुटा खंड त्याला मिळाला. अ‍ॅडिसन आणि स्टील यांनी १७११ मध्ये लंडनला सुरू केलेलं हे पत्र. रोज एक कागद आणि त्यावर एक निबंध. आजच्या अग्रलेखाचा पूर्वजच म्हणा. फ्रँकलिन एक निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्यातला मुद्दा दोन शब्दांत टिपायचा आणि कागद बाजूला ठेवायचा. काही दिवसांनी, मूळ न बघता, त्या टिपणांवरून अख्खा निबंध पुन्हा लिहायचा. मग मुळाशी ताडून आपल्या चुका शोधायचा. आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. त्याने तो स्वतःच स्वतःचा केला.

ताडताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याजवळ शब्द कमी आहेत आणि आहेत तेही वेळेला आठवत नाहीत. त्यावर त्याने गमतीदार उपाय काढला. तो गद्य गोष्टींचं पद्य करू लागला. पद्यात मात्रा आणि यमक जुळवायचं तर एकाच अर्थाचे लहानमोठे पाच शब्द हुडकावे लागतात, आणि हुडकलेला शब्द डोक्यात राहतो. मूळ विसरलं की त्या पद्याचं पुन्हा गद्य. कधी टिपणांच्या चिठ्ठ्या मुद्दाम विस्कटायच्या आणि काही आठवड्यांनी क्रम लावायचा. त्यातून मांडणी सुधारली.

आणि वेळ? रात्री काम संपल्यावर, पहाटे कामाच्या आधी आणि रविवारी चर्चला दांडी मारून. सोळाव्या वर्षी त्याने मांसाहार सोडला, जेवणाचे निम्मे पैसे भावाकडून रोख घेतले, त्यातलेही निम्मे वाचवून पुस्तकं घेतली. दुपारी बाकीचे जेवायला गेले की तो पाव आणि मूठभर मनुका खाऊन वाचत बसायचा. राहिलेलं गणितही तेव्हाच शिकला.

१७२१ मध्ये जेम्सने 'न्यू इंग्लंड कुरंट' हे वर्तमानपत्र काढलं. धाकट्याचं लिखाण भाऊ छापणार नाही, म्हणून १७२२ मध्ये त्याने सायलेन्स डॉगुड नावाच्या एका मध्यमवयीन विधवेच्या नावाने चौदा पत्रं लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवायला सुरुवात केली. त्यातल्या एकात स्त्रीशिक्षणाची बाजू होती. जेम्स आणि त्याचे मित्र लेखकाचं कौतुक करत होते आणि सोळा वर्षांचा लेखक शेजारी खिळे जुळवत होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १७२३ मध्ये तो फिलाडेल्फियाला पळाला. १७२९ मध्ये स्वतःचं वर्तमानपत्र, १७३१ मध्ये सभासदांच्या वर्गणीतून ग्रंथालय, मग विजेचे प्रयोग, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही, १७८३ चा ब्रिटनशी तह. १७९० मध्ये तो वारला.

पण मला त्याच्याइतकीच त्याची धाकटी बहीण जेन आठवते. बॉस्टनच्या सरकारी शाळांत मुलींना प्रवेश नव्हता. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. बारा मुलं झाली, त्यातली अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. भावाबहिणीने साठ वर्षांहून अधिक काळ एकमेकांना पत्रं लिहिली, आणि आपलं लिहिणं अशुद्ध आहे म्हणून ती त्यात माफी मागायची. घर तेच, आईवडील तेच. मुलींच्या शिक्षणासाठी भांडणाऱ्या भावालाही तिचं आयुष्य बदलता आलं नाही.

माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण शनिवारचं काम दर आठवड्याला करायची. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं. दहावीनंतर घरात एकाच्याच फीचे पैसे होते आणि ते भावाला मिळाले. मी इंजिनीअर झाले यात माझ्या अभ्यासाचा वाटा आहेच, पण माझ्या घरी ती निवड करायची वेळ आली नाही, याचाही आहे. हे तिला मी कधी बोलले नाही. मेळाव्याला ती येणार आहे असं कळलंय. या वेळी बोलेन.

आणि सर, हा लेख मी पुस्तक मिटून ठेवून लिहिला आहे. नववीतलं एक शनिवारचं काम झालं असं समजा. मराठीत लिहिलंय, तेवढं माफ करा.