यंत्राची भाषा आणि लेकराची भाषा : प्रा. आर. नरसिंहन

कलाशाखेच्या वार्षिकांकात एका संगणकतज्ज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. ज्या माणसाविषयी मी लिहिते आहे त्याने आयुष्याचा पूर्वार्ध यंत्राला भाषा देण्यात घालविला आणि उत्तरार्ध माणसाचे मूल भाषा कशी शिकते ह्याचा विचार करण्यात. हा दुसरा विषय तर आमच्या भाषाविज्ञानाच्या पेपरातलाच आहे. शिवाय हे सारे काम घडले ते आपल्या मुंबईत, इंग्लंड-अमेरिकेच्या कुठल्या दूरच्या प्रयोगशाळेत नव्हे.

रंगस्वामी नरसिंहन ह्यांचा जन्म १९२६ साली मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा. तेथील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. कॅलिफोर्नियात अभियांत्रिकीचे पुढचे शिक्षण आणि इंडियाना विद्यापीठात गणिताची डॉक्टरेट, असा त्यांचा विद्यार्थिदशेचा प्रवास आहे. १९५४ साली ते डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. त्या वेळी संस्थेत स्वदेशी संगणक बांधण्याचे घाटत होते, आणि ते काम ज्या तरुणांकडे आले त्यांतील बहुतेकांनी असे यंत्र पूर्वी वापरलेले नव्हते. आधी एक लहान नमुना यंत्र तयार झाले. मग १९६० साली पूर्ण आकाराचे यंत्र कामाला लागले. १९६२ च्या जानेवारीत कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले, तेव्हा पंडित नेहरूंनी त्या यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. निर्वात नळ्यांचे हे यंत्र खोली व्यापून राही. त्याच्या स्मृतीत चाळीस अंकी २०४८ शब्द मावत, आणि ‘शब्द’ म्हणजे तरी काय, शून्य व एक ह्यांची माळ! आज खिशातल्या फोनवरील एक साधे छायाचित्रदेखील त्यात बसणार नाही.

अशा यंत्राशी बोलावयाचे कसे? आमच्याकडे शेतावरच्या गड्याला कपाशीला पाणी दे एवढे सांगितले की पुरते. मोटार कोठे आहे, बांध कोठे फोडायचा, केव्हा थांबायचे, हे त्याला ठाऊक असते. यंत्राला ह्यातले काहीच ठाऊक नसते. त्याला एकेक पाऊल सांगावे लागते, आणि टिफ्रॅकच्या आरंभीच्या काळात ते आकड्यांच्या संकेतांत, भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून सांगावे लागे. एक भोक चुकले की सगळे मुसळ केरात. १९५७ साली अमेरिकेत ‘फोर्ट्रान’ ही भाषा निघाली. तीत गणिती सूत्राच्या जवळ जाणारी वाक्ये लिहिता येत आणि यंत्रच त्यांचे आकडी आज्ञांत रूपांतर करून घेई. १९६० च्या ‘अल्गोल’ भाषेचे तर व्याकरणच मोजक्या नियमांत मांडले गेले होते. कोणते वाक्य ह्या भाषेतले आणि कोणते नव्हे, हे त्या नियमांवरून निःसंदिग्धपणे ठरे. येथे पाणिनीची आठवण होणे साहजिक आहे. १९६७ साली एका अमेरिकन तज्ज्ञाने त्या नियमपद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे असे सुचविलेही होते. मात्र त्यावरून संस्कृत हीच संगणकाची आदर्श भाषा, असा जो डिंडिम आपल्याकडे पिटला जातो, त्याला फारसा अर्थ नाही. साम्य आहे ते नियम मांडण्याच्या रीतीत.

नरसिंहनांनी ही व्याकरणाची कल्पना अनपेक्षित ठिकाणी नेली. १९६१ ते १९६४ ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. अणूच्या पोटातील कणांचे मार्ग टिपणारी छायाचित्रे तेव्हा ढिगांनी निघत आणि माणसे ती डोळे फोडून तपासत. हे काम यंत्राला कसे सांगावे? नरसिंहन म्हणू लागले की चित्र हेही एक वाक्यच मानावे. ठिपक्यांची रेषा होते, रेषा एकमेकींना कोठे मिळतात ह्याचे नियम असतात, आणि त्या नियमांनी साऱ्या चित्राची फोड करता येते. पुढे हाताने लिहिलेली इंग्रजी अक्षरे ओळखण्यासाठीही त्यांनी हीच वाट धरली. आपल्या अक्षरांवर ही कल्पना ताडून पाहण्यासारखी आहे. ‘व’ म्हणजे एक उभी दांडी, तिच्या डाव्या अंगाला चिकटलेला गोल आणि वर शिरोरेषा. गोलाच्या पोटातून तिरपी रेघ गेली की त्याच सामग्रीचा ‘ब’ होतो. बालवाडीतल्या बाई फळ्यावर शिकवितात ते हेच व्याकरण!

मुंबईस परतल्यावर, १९६७ साली, त्यांचा एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. संगणक आणि संगणकाची भाषा ह्यांना एकाच सिद्धांताच्या चौकटीत बसविण्याचा तो प्रयत्न होता. वरवर पाहता यंत्र ही धातूची, काचेची वस्तू आणि भाषा ही कागदावरची. पण यंत्र म्हणजे तरी काय, ठराविक आज्ञा समजून त्या पार पाडणारी व्यवस्था. आणि भाषा म्हणजे त्या आज्ञांची व त्यांच्या अर्थांची व्यवस्था. मग दोघांना वेगळ्या शास्त्रांत का कोंडावे? भाषा घडविणे म्हणजे एका अर्थी मनात नवे यंत्रच घडविणे होय, असे मी त्यातून समजले.

संस्था उभारण्याचे त्यांचे काम मी थोडक्यात सांगते, कारण ते इतरत्र वाचावयास मिळते. १९६५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास केंद्राची धुरा त्यांनी वाहिली, सी.एम.सी. ह्या सरकारी कंपनीच्या उभारणीत ते अग्रभागी होते, आणि १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला ओढ आहे ती त्यांच्या वळणाची. १९७१ मध्ये होमी भाभा अधिछात्रवृत्ती मिळाल्यानंतरच्या काळात त्यांचे लक्ष यंत्राच्या भाषेकडून माणसाच्या भाषाव्यवहाराकडे अधिकाधिक वळत गेले. अमेरिकेत तेव्हा चॉम्स्कींच्या विचाराचा दरारा होता. भाषा म्हणजे शुद्ध वाक्ये निर्माण करणारी नियमांची यंत्रणा, आणि तिचा पाया मुलाच्या मेंदूत जन्मतःच असतो, असा तो विचार. नियमांनी बांधलेल्या भाषा कशा असतात हे नरसिंहनांना कोणत्याही वैयाकरणापेक्षा अधिक ठाऊक होते, कारण त्यांनी तशा भाषा हाताळल्या होत्या. नेमक्या ह्याच माणसाने म्हटले की माणसाची भाषा त्या जातीची नव्हे. ती एक वागणूक आहे. मूल भाषा शिकते ते मागण्यासाठी, नाकारण्यासाठी, विचारण्यासाठी, घडलेले सांगण्यासाठी. आणि आई-आजी त्याला पदोपदी सावरून घेत असतात. १९८१ च्या त्यांच्या पुस्तकाचा विषय भाषाव्यवहाराची प्रतिकृती कशी मांडावी हाच आहे.

आमच्या संग्रामपूरच्या बाजारात ह्याचा पडताळा रोज येतो. ‘मला पाहिजे’ असा नियम यंत्रात घातला तर ‘मले पाह्यजे’ म्हणणाऱ्याला ते चुकले म्हणून परत पाठवील. भाजीवाली मात्र पाठवीत नाही. ती बोट पाहते, पिशवी पाहते, कालचा भाव आठवते आणि वांगी मोजू लागते. वऱ्हाडीला अशुद्ध ठरविणारे आपले काही शिक्षक ह्या बाबतीत यंत्राच्या पक्षाचे आहेत, असे मला वाटते.

उतारवयात त्यांनी साक्षरतेचा प्रश्न हाती घेतला. लिहिता-वाचता येणे म्हणजेच साक्षरता का? वेदपठणाच्या परंपरेत अक्षर न लिहिता मंत्राची पदे सुटी केली जात, संधी सोडविले जात, तीच पदे उलटसुलट क्रमाने म्हटली जात. भाषेकडे तटस्थपणे पाहून तिची चिरफाड करण्याची ही शिस्त लेखणीवाचून आली होती. साक्षर मन ओळखण्याची खूण नरसिंहन ह्या शिस्तीत शोधतात. पाश्चात्त्यांनी लेखनालाच दिलेले महत्त्व त्यांना अपुरे वाटते. मला हे पटते, पण अर्धेच. ती शिस्त ठराविक घरांतल्या पुरुषांपुरती राखून ठेवलेली होती. माझ्या आजीने शाळेचे तोंड पाहिले नाही. तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी येत, आणि दळणाला कोण बसले आहे, कोणाची लेक सासरी गेली आहे, हे पाहून ती चरणातले नाव, नाते, गाव बदलून घेई. मात्रा मोडू न देता! शब्द जसाच्या तसा राखणे ही एक विद्या, तर साचा राखून शब्द बदलणे ही दुसरी. ह्या दुसरीला साक्षरतेच्या हिशेबात कोठे मांडायचे, हे नरसिंहनांच्या चौकटीतूनच विचारता येते. म्हणून तर त्यांच्याशी भांडावेसे वाटते.

२००४ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील पुस्तक निघाले. ३ सप्टेंबर २००७ रोजी बंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात नियम न शिकविता, लिखित मजकुराच्या राशींवरून भाषा उचलणारी यंत्रे आली आणि ती मराठीही लिहू लागली. त्यांच्यापुढे ना बाजार असतो ना पिशवी; असतो तो फक्त लिहिलेला शब्द. आजीच्या ओव्यांपैकी चाळीसेक मी एका वहीत उतरविल्या आहेत. बाकीच्या तिच्याबरोबर गेल्या.