बॅरिस्टर आंबेडकर ह्यांची वकिली

भोरहून वरंधा घाट उतरला कीं माणूस महाडच्या मुलखांत पोहोंचतो. वेल्ह्याकडील मनुष्य केळदच्या मढे घाटानें उतरला तरी तेथेंच जातो. उलट दिशेस चालूं लागलें तर पुण्याची कचेरी लागते. ह्या दोन्ही टोकांच्या न्यायालयांत ज्यांचीं कामें एके काळीं गाजलीं, त्या डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचें नांव न ऐकलेला वाचक विरळाच. परंतु त्यांनीं वकिलीचा धंदा कसा उभारिला हें थोड्यांसच ठाऊक असतें. म्हणून तेवढेंच येथें सांगावयाचें आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें झाला. वडील रामजी सकपाळ हे पलटणींत सुभेदार होते. मुंबई, न्यूयॉर्क व लंडन येथील त्यांच्या विद्याभ्यासाची हकीकत पुष्कळ वेळां छापून आली आहे. १९२२ सालीं लंडनच्या ग्रेज इन ह्या संस्थेंतून ते बॅरिस्टर झाले व पुढील सालीं मुंबईस परतले. इतकी विद्या संपादूनहि सनद काढण्यापुरता पैसा त्यांच्यापाशीं नव्हता. नवल भथेना ह्या पारशी मित्रानें तो दिला.

त्या काळीं मुंबईच्या हायकोर्टांत मोठीं दिवाणी कामें बॅरिस्टरास मिळावयाचीं तीं सॉलिसिटरांच्या हातून. पक्षकार सॉलिसिटराकडे जाई, आणि सॉलिसिटर आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरास कागद देई. अस्पृश्य मानलेल्या जातींतील तरुणास कागद देणारे फार थोडे निघाले. तेव्हां त्यांनीं जिल्ह्यांच्या कोर्टांतील कामें व अपिलें हातीं घेतलीं. घरखर्च भागावा म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय ह्यांच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकविण्याचें कामहि धरिलें. नव्या वकिलाचीं पहिलीं वर्षें बहुधा अशींच ओढाताणींत जातात. परंतु इतरांस ओळख कमी पडते, ह्यांस जात आड आली.

पुण्याचें काम ह्याच सुमाराचें. १९२५ सालीं दिनकरराव जवळकर ह्यांनीं ‘देशाचे दुश्मन’ हें पुस्तक लिहिलें व केशवराव जेधे ह्यांनीं तें प्रसिद्ध केलें. जेधे हें घराणें मूळचें भोरकडील कारी गांवचें. लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्या दिवंगत पुरुषांवर पुस्तकांत जहाल टीका होती. ती सभ्यतेची मर्यादा सोडून गेली होती हें लपविण्यांत अर्थ नाहीं. चिपळूणकरांच्या एका नातलगानें अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि सप्टेंबर १९२६ मध्यें आरोपींस कैदेची शिक्षा झाली. पुण्याच्या सेशन कोर्टांत अपील चालविण्यास आंबेडकर आले. पुस्तक गोड कीं कडू हा तेथें प्रश्न नव्हता. मृत माणसाच्या बदनामीचा गुन्हा घडावयाचा तर ती बदनामी त्याच्या कुटुंबाच्या किंवा निकटच्या नातलगांच्या भावना दुखविण्याच्या हेतूनें केलेली असली पाहिजे, असें तेव्हांच्या पीनल कोडांत होतें. येथें तर फिर्यादी दूरचा नातलग होता. मुद्दा लहान दिसतो, पण कोर्टांत असल्याच लहान मुद्द्यांवर माणसें सुटतात. ऑक्टोबरांत आरोपी निर्दोष सुटले.

महाडचें प्रकरण मात्र लहान मुद्द्याचें नव्हतें. सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावे असा ठराव मुंबई कायदेमंडळानें ऑगस्ट १९२३ मध्यें केला, आणि त्यास अनुसरून १९२४ सालीं महाडच्या म्युनिसिपालिटीनें चवदार तळें खुलें केलें, पण तें कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच दिवशीं त्यांच्या लोकांस मारहाण झाली. मागाहून तळें शुद्ध करून घेण्यांत आलें आणि ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें आपला ठरावहि मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह व्हावयाचा होता. तोंच १२ डिसेंबरास विरुद्ध पक्षानें महाडच्या कोर्टांत दावा लाविला: तळें खाजगी आहे, व अस्पृश्यांनीं त्यास न शिवण्याची वहिवाट अनादि आहे. प्रतिवादींत पहिलें नांव खुद्द आंबेडकरांचें. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

२५ डिसेंबरास महाडांत हजारों माणसें जमलीं. पुष्कळ जण तुरुंगाची तयारी करूनच आले होते. पुढारी ह्या नात्यानें पुढें जावें तर कोर्टाचा हुकूम मोडतो. मागें फिरावें तर इतक्या लोकांचा हिरमोड होतो. आंबेडकरांनीं लोकांस समजावून सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक तळ्याभोंवतीं फिरली आणि पाण्यास हात न लावितां परत आली. आमच्या मतें त्यांच्या वकिलीची खरी कसोटी ह्या दिवशीं लागली, कारण येथें पक्षकार व वकील एकच होता.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्यें उठला. दावा मात्र चालूच राहिला. जून १९३१ मध्यें महाडच्या कोर्टानें वादींविरुद्ध निकाल दिला. वादी ठाण्यास गेले; तेथें जानेवारी १९३३ मध्यें हरले. मग ते हायकोर्टांत गेले. रूढीस कायद्याचें बळ मिळावयाचें तर ती अनादि काळापासून चालत आली आहे हें ती सांगणाऱ्यानेंच शाबीत करावें लागतें. तें शाबीत झालें नाहीं असें ठरवून हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं अपील फेटाळलें. एका तळ्याच्या पाण्यास कोर्टांत नऊ वर्षांहून अधिक काळ लागला.

सगळींच कामें त्यांनीं जिंकलीं असें नव्हे. संततिनियमनाचे पुरस्कर्ते रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांच्या मासिकावर १९३४ सालीं अश्लीलतेचा खटला झाला, त्यांत आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. तरी कर्व्यांस दंड झालाच. इकडे कोर्टाच्या कामाबरोबर शिकविणें सुटलें नव्हतें. १९२८ सालीं ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांत प्राध्यापक झाले व १९३५ सालीं तेथेंच प्रिन्सिपॉल. ज्यास सॉलिसिटर कागद देत नव्हते, त्याच्यापाशीं आतां मुंबईचे होतकरू वकील कायदा शिकत होते.

६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्ली येथें ते वारले. घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या त्या घटनेच्या १५ व्या कलमांत, सरकारी पैशानें राखलेल्या किंवा सर्वांच्या उपयोगासाठीं दिलेल्या विहिरी, तलाव व स्नानाचे घाट ह्यांवर कोणासहि जातीवरून किंवा धर्मावरून मज्जाव करितां येणार नाहीं, असें लिहिलें आहे.