साताऱ्याच्या दारातून माघारी गेलेला पोरगा : महर्षी धोंडो केशव कर्वे
९ नोव्हेंबर, पुण्यतिथी विशेष

महर्षी कर्वे म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं, भारतरत्न आठवतं, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आठवतो. या माणसाच्या आयुष्यातला पहिला मोठा नकार आपल्या साताऱ्यात मिळाला होता, हे मात्र आपल्याच जिल्ह्यात फारसं कुणी सांगत नाही. आज त्यांची पुण्यतिथी, म्हणून ही गोष्ट.

साल १८७५, दिवस पावसाळ्याचे. कोकणात दापोलीजवळ समुद्राला लागून मुरुड नावाचं गाव आहे. तिथला सतरा वर्षांचा धोंडू कर्वे. घरची परिस्थिती बेताची. एकेकाळी घराणं नावाजलेलं होतं, पण धोंडूच्या वाट्याला त्यातलं फक्त नाव आलं. अंगाने किरकोळ, स्वभावाने बुजरा. चार माणसांत बोलायची चोरी. पण गावात सोमण नावाचे एक मास्तर होते, त्यांनी या पोराला हाताशी धरलं. गावच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम त्याला लावलं. बुजऱ्या पोराला चारचौघांत तोंड उघडायची सवय लागली ती तिथून.

त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा मोठी समजली जायची. ती पास झाला की शाळामास्तरकी किंवा सरकारी नोकरीची वाट मोकळी. गरीब घरातल्या पोराला दुसरी आशा तरी कोणती? अट एकच होती, वयाला सतरा वर्षं पूर्ण पाहिजेत. धोंडूचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, म्हणजे वय भरत होतं.

परीक्षेचं केंद्र होतं सातारा. मुरुडहून सातारा ११० मैल, आजच्या हिशोबाने पावणेदोनशे किलोमीटर. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, गलबतं बंद. रेल्वे नाही, मोटार नाही. राहिले ते पाय. धोंडू आणि त्याचे काही सोबती चालत निघाले.

आपण घाटाखालची-घाटावरची माणसं आहोत, आपल्याला हे समजावून सांगायला नको. भादव्यातला घाट कसा असतो ते आपण पाहिलंय. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसत नाही. ओढे फुगलेले, पायवाट निसरडी, जळवा पायाला चिकटलेल्या. आज डांबरी रस्ता आणि बॅटरी असून आपण रात्री घाटात जायला कचरतो. ही पोरं दीडशे वर्षांपूर्वी भर पावसात सह्याद्री चढून देशावर आली. दिवसाला चाळीस किलोमीटर धरले तरी चार-पाच दिवसांची चाल झाली.

पोरगा साताऱ्यात पोचला. परीक्षेच्या कमिटीपुढे उभा राहिला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ठरवलं की हा सतरा वर्षांचा दिसत नाही. परीक्षेला बसू दिलं नाही.

झालं. एक प्रश्न विचारला नाही, एक ओळ लिहून घेतली नाही. अभ्यास कमी पडला म्हणून नापास झाला असता तर गोष्ट वेगळी. इथं नुसत्या अंगकाठीवरून निकाल लागला. आणि त्याच वाटेने, त्याच पावसात घराकडे माघारी. येताना निदान पुढं काहीतरी होतं. जाताना काय होतं? घरी आईला काय सांगायचं, एवढंच.

या जागी थोडं माझं सांगतो, राग मानू नका. मी बारावी झाल्यावर भरतीला गेलो होतो. धावण्यात पुढे होतो. छाती मोजली, अर्धा सेंटिमीटर कमी भरली, आणि मला रांगेतून बाजूला काढलं. एसटीने घरी आलो, दप्तर माळ्यावर टाकलं ते टाकलंच. पुढल्या वर्षी पुन्हा भरती निघाली, सोबतचे दोघं-तिघं गेले, मी गेलो नाही. लाज वाटत होती. आज शेती करतो, बातम्या लिहितो, वाईट चाललं नाही. पण ते वर्ष आठवलं की अजून गप्प होतो. म्हणून कर्व्यांची ही गोष्ट मला पुस्तकातली वाटत नाही.

कर्वे पुढल्या वर्षी पुन्हा त्याच परीक्षेला बसले आणि पास झाले.

वाचायला हे एवढंसं वाक्य आहे. माझ्या मते या माणसाच्या आयुष्याची सगळी घडण त्यातच आहे. ते चिडले नाहीत, कुणाला शिव्या देत बसले नाहीत. पुन्हा तयारी केली आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.

सहावी पास झाल्यावर नोकरी धरून थांबता आलं असतं. पण त्यांनी इंग्रजी शिकायचं ठरवलं. आज त्या वयाला पोरं कॉलेजात असतात, त्या वयाला हे इंग्रजीची सुरुवात करत होते. लहान पोरांच्या बरोबरीने बसावं लागलं. १८८१ ला मॅट्रिक झाले, १८८४ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. खर्चाला शिकवण्या केल्या. पैसा हातात यायला लागला तसा त्यातला थोडा वाटा दुसऱ्यांसाठी बाजूला काढायची सवय लावून घेतली. गावासाठी मुरुड फंड उभा केला. १८९१ ला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बोलावलं म्हणून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले आणि १९१४ पर्यंत तिथंच शिकवत राहिले.

त्याच १८९१ साली त्यांची बायको राधाबाई वारली. लग्न लहानपणीच झालेलं होतं. मागे मुलगा रघुनाथ. हाच मुलगा पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य झिजवणारा र. धों. कर्वे.

तेव्हाची रीत अशी होती की चाळिशीचा विधुर असला तरी त्याला दहा-बारा वर्षांची कुमारिका मिळायची. पण आठव्या वर्षी नवरा मेलेल्या पोरीला मात्र जन्मभर तसंच राहावं लागायचं. वरच्या जातींत तर तिचे केस काढायचे, एक वेळ जेवायला द्यायचं, शुभकार्यात पुढे येऊ द्यायचं नाही. तिची चूक काय, कुणी विचारायचं नाही. नुसतं तिच्याकडं पाहून ठरायचं की ही अपशकुनी.

कर्व्यांना साताऱ्याचा तो दिवस अशा वेळी आठवत असेल का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वाचताना मला दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात. आत काय आहे ते न बघता वरून बघून दार लावायचं. ज्याच्या तोंडावर असं दार लागलंय त्याला दुसऱ्याचं दुःख लवकर कळतं.

कर्व्यांनी ठरवलं, लग्न करीन तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी, त्यांची बहीण गोदूबाई, माहेर देवरूखचं. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला आलेली ही पहिली विधवा. ११ मार्च १८९३ ला पुण्यात दोघांचं लग्न झालं. त्या आनंदीबाई झाल्या, पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणत.

लग्नानंतर दोघं मुरुडला गेले. ज्या गावाला या पोराने वर्तमानपत्र वाचून दाखवलं, ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावाने ठराव करून बहिष्कार घातला. त्यांच्याबरोबर कुणी बसायचं नाही. आईने पोराला घरात घेतलं तर तिलाही वाळीत टाकायचं. आईच्या घरी आईचा पोरगा राहू शकत नव्हता.

दुसऱ्यांदा दार लागलं, आणि यावेळी ते साहेबाने लावलेलं नव्हतं, आपल्याच माणसांनी लावलेलं होतं. तरी गावाशी त्यांनी वैर धरलं नाही.

त्यांच्या लक्षात आलं की एकट्याने विधवेशी लग्न करून प्रश्न सुटत नाही. बाईला शिक्षण पाहिजे, तिच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. १८९६ ला त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. १८९९ ला पुण्यात आश्रम सुरू झाला. प्लेगाची साथ आली आणि १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथं सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले होते. त्यावर साधी झोपडी उभी राहिली. आज तिथं सगळं शहर झालंय, नाव पडलंय कर्वेनगर. तेव्हा मात्र माळरान होतं, रस्ता धड नव्हता.

संध्याकाळी कॉलेज सुटलं की कर्वे सामानसुमान घेऊन हिंगण्याला चालत जायचे, तिथल्या बायकांना शिकवायचे, आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजात. साधारण चार मैलांची वाट. उन्हाळा असो की पावसाळा. साताऱ्याच्या वाटेने पायांना जी सवय लावली ती अशी कामी आली.

याची किंमत घरानेही मोजली, हे सांगितलं पाहिजे. स्वतःची शिल्लक आणि विम्याचा पैसासुद्धा त्यांनी संस्थेला देऊन टाकला. घर चालवायचं कसं, हा प्रश्न आनंदीबाईंच्या डोक्यावर. त्यांनी माझे पुराण नावाचं आत्मचरित्र लिहिलं, त्यात ही ओढाताण आडपडदा न ठेवता मांडली आहे. मोठ्या माणसाच्या मागे घरची बाई किती खपते, ते कळायला ते पुस्तक जरूर वाचावं. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, आश्रमात शिकल्या आणि पुढे आश्रमाचा कणाच झाल्या. वर्गणी गोळा करायला त्या थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

मुलींची शाळा कर्व्यांनी पहिल्यांदा काढली असं नाही. आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी ते काम पुण्यात १८४८ सालीच सुरू केलं होतं, तेही शेणमाती अंगावर झेलत. आश्रमाची सुरुवातही मुख्यतः ब्राह्मण विधवांपासून झाली. पण कर्वे तिथं थांबले नाहीत. १९०७ ला महिला विद्यालय काढलं. १९१६ साली थेट बायकांचं विद्यापीठ काढलं. सुरुवातीला विद्यार्थिनी किती, तर पाच! लोक हसले असतील. १९२० ला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये द्यायचं कबूल केलं, आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. तेच आजचं एसएनडीटी.

आता आपल्या खेड्यापाड्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी भाषणात कुणी सांगत नाही. १९३६ साली कर्वे ७८ वर्षांचे होते. या वयात माणूस ओट्यावर बसून नातवंडं सांभाळतो. कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या गावात लोकल बोर्डाची शाळा नाही, अशा गावात शाळा सुरू करायची. त्यासाठी हा म्हातारा दारोदार फिरून वर्गणी गोळा करायचा. एक परीक्षा द्यायला पोराला पावणेदोनशे किलोमीटर चालावं लागलं होतं. साठ वर्षांनी तोच माणूस गावातल्या पोरांसाठी गावात शाळा नेत होता.

१९५५ ला पद्मविभूषण आणि १९५८ ला, वयाची शंभरी भरली त्या साली, भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात वयाच्या १०४ व्या वर्षी ते गेले.

आज ही गोष्ट लिहायचं आणखी एक कारण आहे. कारखान्यांचे गाळप सुरू होण्याचे हे दिवस. ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात येतात. माझ्याही फडात दरवर्षी येतात. गेल्या हंगामात टोळीबरोबर बारा-तेरा वर्षांची एक पोरगी होती. आईबाप तोडीला, ही कोपीवर लहान भावाला सांभाळायला. वाढ्याच्या मोळ्या मोजताना तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता. मी विचारलं शाळेचं, तर ती हसली आणि गप्प बसली. मीही पुढं काही केलं नाही. फड संपला, टोळी गेली.

यंदा टोळी आली की मी आधी आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना कोपीवर घेऊन जाणार आहे. हंगामापुरतं का होईना, पोरांना वर्गात बसवता येतं, गुरुजी तयार असतात. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं एवढंच. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल तर तुम्हीही एकदा कोपीवर चक्कर मारा. किती पोरं आहेत, शाळेत कोण जातं, एवढं विचारा आणि गुरुजींच्या कानावर घाला.

आणि ज्या पोरांना यंदा भरतीत, परीक्षेत, ॲडमिशनला कुणी रांगेतून बाजूला काढलं असेल, त्यांनी माझ्यासारखं दप्तर माळ्यावर टाकू नये. पुढल्या वर्षीचा फॉर्म भरावा.

– तालुका प्रतिनिधी