लोहमार्गाचे शिल्पकार : जेम्स जॉन बर्कले

कलबुर्गीहून मुंबईकडे जाणारी गाडी सोलापूर आणि पुणे मागे टाकून लोणावळ्याच्या पुढे घाट उतरू लागते. एकामागून एक बोगदे येतात, खिडकीतून खोल दरी दिसते आणि डब्यातील लहान मुले आनंदाने ओरडू लागतात. पण या कड्याकपारीतून लोहमार्ग नेता येईल असा विचार प्रत्यक्षात कोणी आणला, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. १६ एप्रिल १८५३ ही तारीख आपण शाळेत पाठ केली. त्या दिवशी मुंबईहून ठाण्याला भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. परंतु ज्यांच्या देखरेखीखाली तो मार्ग तयार झाला, त्या जेम्स जॉन बर्कले यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. अवघे बेचाळीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले आणि त्यातील ऐन उमेदीची अकरा वर्षे त्यांनी या कामी वेचली.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळील हॉलोवे येथे झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण झाल्यावर १८३६ साली ते एका अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. १८३९ मध्ये त्यांना रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे प्रवेश मिळाला. हे स्टीफन्सन म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात अजरामर झालेल्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे सुपुत्र, आणि स्वतःही नामवंत पूलबांधणीकार. अशा गुरूच्या सहवासात बर्कले दहा वर्षे घडले. १८४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रेल्वेच्या धंद्यात मंदी आली होती. त्याच वेळी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या नव्या कंपनीला मुंबईसाठी मुख्य अभियंता हवा होता. गुरूच्या सल्ल्याने बर्कले यांनी अर्ज केला, त्यांची निवड झाली आणि फेब्रुवारी १८५० मध्ये ते मुंबईत उतरले.

येथे या कंपनीच्या व्यवहाराची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. ऑगस्ट १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तिच्याशी करार केला होता. त्यानुसार भागधारकांच्या भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली. नफा झाला नाही तरी हे व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजेच येथील रयतेच्या करातून, दिले जाणार होते. नफा भागधारकांचा आणि तोटा रयतेचा, अशी ही व्यवस्था होती. बर्कले यांच्या सर्व कामामागे हा करार उभा होता, हे विसरून चालणार नाही.

पहिला टप्पा मुंबई ते ठाणे असा एकवीस मैलांचा होता. त्यानंतर ठाण्याच्या खाडीवर दगडी कमानींचे पूल उभारून आणि मुंब्र्याजवळ डोंगरात बोगदे खोदून मार्ग १८५४ च्या मे महिन्यात कल्याणला पोहोचला. खाडीच्या चिखलात पाया घेणे, भरती-ओहोटीचे वेळापत्रक सांभाळणे आणि पावसाळ्यात काम बंद ठेवणे या साऱ्या गोष्टी इंग्लंडहून आलेल्या अभियंत्याला नव्याने शिकाव्या लागल्या. बर्कले यांचा आणखी एक विशेष म्हणजे येथील माणसांवर त्यांनी टाकलेला विश्वास. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने या रेल्वेची मोठमोठी कामे घेऊन ती यशस्वी करून दाखविली.

खरी कसोटी पुढे होती. दख्खनचे पठार आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. पठारावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे. तेथे गाडी चढवायची होती. अनेक पाहण्या करून बर्कले यांनी बोरघाटाचा मार्ग निश्चित केला. त्याची लांबी सुमारे सोळा मैल, चढ १८३१ फूट, बोगदे पंचवीस आणि मोठे कमानींचे पूल आठ. काही ठिकाणी दर सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ होता. एका जागी डोंगराने वाटच अडविली, तेव्हा उलटे वळण घेणारे स्थानक योजण्यात आले. गाडी तेथे कड्याच्या टोकाशी थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढू लागे.

जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले. मजूर दोरांनी कड्यावरून खाली सोडले जात आणि लोंबकळत खडकात सुरुंगाची भोके पाडीत. कामाच्या ऐन भरात बेचाळीस हजार माणसे घाटात राबत होती. १८५९ च्या जानेवारीत मजुरी वेळेवर मिळेना म्हणून मजूर बिथरले आणि दंगल झाली. मुख्य कंत्राटदार फॅव्हिएल यांनी दोन महिन्यांत काम सोडले, तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांनीच ते चालू ठेवले. नंतर सॉलोमन ट्रेडवेल नावाचे कंत्राटदार इंग्लंडहून आले, पण काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्याकडे ठेवून अनुभवी अभियंत्यांकरवी काम पुरे करविले. या सर्व काळात पटकी आणि तापाने हजारो मजूर दगावले.

या धकाधकीत बर्कले यांची प्रकृती ढासळली. एप्रिल १८६१ मध्ये त्यांना मुंबई सोडावी लागली. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळ सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठच महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटाच्या मार्गाचे उद्घाटन झाले. ज्यांनी तो मार्ग कागदावर उभा केला, त्यांना त्यावरून जाणारी गाडी पाहता आली नाही. त्यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सुवर्णपदक ठेवण्यात आले.

येथे चरित्र संपविले असते तर ते गोड वाटले असते. पण १८६७ च्या पावसाळ्यात बोरघाटातील एक मोठा पूल कोसळला. चौकशीत या रेल्वेच्या अनेक पुलांचे दगडकाम कच्चे असल्याचे उघड झाले. बाहेरून घडीव दगड आणि आत हलक्या चुन्याचा भराव, असा प्रकार होता. पुढे कित्येक पूल दुरुस्त करावे लागले, काही पुन्हा बांधावे लागले. हा दोष सर्वस्वी बर्कले यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. शेकडो मैलांवर पसरलेले काम, लवकर संपविण्याची घाई, कंत्राटदारांची काटकसर आणि नुकसानीची झळ भागधारकांना लागू न देणारी ती हमी, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु मुख्य अभियंता म्हणून त्यांची जबाबदारी नव्हती, असेही म्हणता येणार नाही. वाणिज्य शाखेत आम्हांला ताळेबंदाच्या दोन्ही बाजू वाचायला शिकवितात. थोर माणसाचे चरित्रही तसेच वाचावे. एका बाजूला सह्याद्री ओलांडणारी अजोड आखणी, तर दुसऱ्या बाजूला कच्चे दगडकाम आणि पदकावर किंवा स्मृतिफलकावर ज्यांची नावे कधी आली नाहीत ते हजारो मजूर. दोन्ही बाजू मांडल्यानंतरही बर्कले यांची योग्यता उरतेच, आणि ती अधिक खरी वाटते.

बर्कले यांच्या हयातीतच, १८६० साली, लोहमार्ग सोलापूरला आला होता. १८७०-७१ मध्ये तो कलबुर्गी आणि वाडीवरून रायचूरला जाऊन मद्रासच्या रेल्वेला मिळाला. बिदर ते कलबुर्गी या मार्गाला मात्र २०१७ साल उजाडावे लागले. त्या गाडीने आज कलबुर्गीला उतरून मुंबईची गाडी पकडणारा आपला विद्यार्थी घाटातील त्या कमानींवरून जाईल, तेव्हा त्याने बर्कले यांची आठवण जरूर ठेवावी. त्यांच्याबरोबर, दोराला लोंबकळत खडकात भोक पाडणाऱ्या त्या अनामिक मजुराचीही ठेवावी.